जित्या माणसाची सुपारी

बालाघाटात समुद्र नाही, हे मला रोज कोणीतरी सांगतं. चहाच्या टपरीवर, केस कापताना, बँकेच्या रांगेत. तटरक्षक दलाच्या जहाजावर नोकरी केली म्हटलं की समोरचा आधी माझ्या पायांकडे बघतो, जणू तिथे खवले आले असतील, आणि मग हिंदीत विचारतो, समुंदर कैसा रहता है? मी म्हणतो, खारट. पुढचे प्रश्नही ठरलेले. तोफ चालवली का? कोणाला पकडलं का? मी यंत्रघरातला माणूस. तोफ माझ्या डोक्यावर कुठेतरी होती, आणि ती कोणावर रोखली हे मला कळायच्या आत पुन्हा सरळही झालेली असे. पण हे समजावून सांगायचा आता कंटाळा येतो. हौ, पकडलं, असं म्हणतो आणि चहा संपवतो.

आता निवृत्त होऊन घरी आलो आहे. सकाळी मोटरसायकल काढून भरवेलीला जातो. तिथल्या खाणीत पाणी झिरपत राहतं आणि ते उपसणारे पंप सांभाळायचं काम मला मिळालं आहे. बायको म्हणते, जमिनीच्या पोटात शिरून पाणी शोधून काढलं तुम्ही. खरं आहे तिचं. ज्याच्या कपाळी पाणी लिहिलं त्याला खाणीतही पाणीच भेटतं.

सांगायची आहे ती गोष्ट नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली. तिच्यात माझी बहीण आहे, तिची मुलगी आहे आणि आमचं जहाज आहे. बहीण कटंगीजवळच्या गावात राहते. माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत हाकलण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मी तिला बाई म्हणतो. भाऊजी वारले तेव्हा तिची मुलगी लहान होती. भाऊजी एकुलते एक, त्यामुळे मुलीला काका नाही. सख्खं म्हणावं असं तिला आईच्या पलीकडे कोण, तर मी. आणि मी कुठे, तर पाण्यावर.

जहाजाबद्दल थोडं सांगायला हवं. एका सुट्टीत बाईच्या अंगणात शेजारपाजार जमला होता आणि सगळ्यांना जहाज समजून घ्यायचं होतं. मी सांगत बसलो. हे मालवाहू धूड नव्हे, गस्तीचं जहाज. लांबीला तुमच्या या गल्लीएवढं. पुढे तोफ, वर रडार. रडारला धुक्यातली नावही दिसते. रबरी होड्या आहेत, त्या दोरांनी खाली सोडायच्या आणि माणसं उचलून आणायची. कुठल्या जहाजाला आग लागली तर लांबून पाण्याचा फवारा मारायचा. तेल सांडलं तर ते पसरू द्यायचं नाही. मागे पंखे नाहीत. खालून पाणी ओढून घ्यायचं आणि मागे जोरात फेकायचं, तुमचा मोटरपंप धानाच्या बांधीत, शेताच्या तुकड्यात, फेकतो तसं, त्या धक्क्याने जहाज पुढे जातं. कोणीतरी विचारलं, किती पळतं? मी म्हटलं, जोरात सोडलं तर कटंगीच्या रस्त्यावरच्या बसला मागे टाकेल. लोक हसले, कारण त्या रस्त्यावर बसला म्हशीही मागे टाकतात. बाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. तिचं रडारकडे लक्ष नव्हतं, तोफेकडे नव्हतं. बसचं तेवढं तिने ऐकलं आणि मनात ठेवलं.

पुढे भाचीचं लग्न ठरलं. मुलगा तुमसरकडचा, चांगल्या घरातला. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो. तो तिच्या पाठीशी उभा राहतो. तिला वडील नसतील आणि काकाही नसतील, तर कन्यादानालाही मामा-मामीच बसतात. नवरा गेलेल्या बाईला त्या पाटावर बसू देत नाहीत. मला हे कधीच पटलं नाही. जिने एकटीने मुलगी वाढवली तिनेच ती द्यावी. मी तसं बोललोही. पण बाईला माझं शहाणपण नको होतं, मी हवा होतो. "मले काई नोको," ती म्हणाली, "तू फकत पाटावर बसला पायजेस. माहेर हाय माह्यं, इतकं दिसलं पायजे लोकाईले."

सुट्टी मंजूर झाली. लग्नाच्या आदल्या सकाळी जहाज बंदरात लागणार, संध्याकाळची गाडी धरायची, दुसऱ्या सकाळी गोंदिया. तिथे बाईने सांगून ठेवलेली जीप उभी असणार. लग्न गोरज मुहूर्ताचं, म्हणजे दिवस मावळताना. अंघोळ करून, नवा सदरा घालून थोडं आडवं व्हायलाही वेळ मिळाला असता. बायको मुलांना घेऊन आधीच तिकडे गेली होती. गस्तीवर निघताना माझी बॅग भरून बंकाखाली ठेवलेली होती, त्यात भाचीसाठी घेतलेलं लुगडं.

लग्नाच्या दोन दिवस आधी, परतीला वळायच्या बेतात असताना, दुपारी हाक आली. एका मासेमारी नावेचं इंजिन बंद पडलं होतं आणि वारा तिला आणखी खोल समुद्रात नेत होता. जहाजाने तोंड फिरवलं. इंजिनांचा आवाज चढला की आम्हा खालच्या लोकांना वर काय चाललं आहे ते विचारावं लागत नाही. त्या दिवशी जहाज खरंच बसच्या वर पळालं. कानांवर झाकणं लावून, घामाने चिंब होऊन मी सुयांकडे बघत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, पळ बाबा, लवकर पोच, लवकर सुटू दे.

नाव सापडली. समुद्र उसळत होता. माणसं रबरी होडीतून उचलून आणली असती आणि नाव तिथेच सोडली असती, तर ठरलेल्या वेळी आम्ही बंदरात असतो. पण नावेचा तांडेल, म्हणजे तिच्यावरचा मुख्य माणूस, खाली उतरायला तयार नव्हता. वयस्कर माणूस, डोक्याला लाल फडकं बांधलेलं. त्याचं म्हणणं होतं की माझ्या माणसांना न्या, मी नावेबरोबर राहतो. आमच्या कप्तानाने क्षणभर विचार केला आणि मला वर बोलावलं. तू जा, बघ, इंजिन चालू होतं का. चालू झालं तर ती आपल्या पायांनी येईल.

होडीतून मी तिकडे गेलो. आयुष्यात इतका जीव लावून मी कुठल्या इंजिनापुढे बसलो नाही. नाव अशी हलत होती की पाना एका नटावर नीट बसत नव्हता. डिझेल आणि मासळीचा वास, वरून ओकारी. तांडेल माझ्या डोक्यापाशी बॅटरी धरून बसला होता. एकदा वाटलं जमलं, यंत्राने एक हुंदका दिला आणि गप्प झालं. उघडून बघितलं तर आत खारं पाणी शिरलेलं, दट्ट्या जागच्या जागी धरून बसलेला. हे काम कारखान्यातलं, भर समुद्रातलं नव्हे. मी हात पुसले. तांडेलाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बॅटरी विझवली. मला मात्र त्याचा राग आला होता, सरळ सांगतो. माझ्या बहिणीचं एकच मागणं होतं आणि हा माणूस एका लाकडाच्या ढाच्याला मिठी मारून बसला होता. मग परतायला मी होडीत बसताना त्याने नावेच्या कडेवर हात ठेवलेला बघितला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. राग गेला असं म्हणत नाही. पण तो त्याच्यावर काढावासा वाटेना.

नाव ओढून न्यायची ठरली. जाड दोर बांधला. आणि मग ते बसला मागे टाकणारं जहाज चालू लागलं, पायी निघाल्यासारखं. मागे नाव असताना जोर लावता येत नाही, लावला तर दोर तुटतो नाहीतर नाव पाण्यात नाक घालते. आमच्या यंत्रांना तर ही मंद चाल अजिबात सोसत नाही, त्यांचा सगळा जन्म पळण्यासाठी. माझीही गत तीच होती.

माझ्या घरी लग्न आहे हे कप्तानाला माहीत होतं. त्याने स्वतः बोलावून उपग्रहाचा फोन हातात दिला. थोडक्यात बोल म्हणाला. बाईने फोन उचलला, मागे ढोलकी आणि बायकांचा गलका होता. मी सांगितलं की एका नावेला मदत करतो आहोत, उशीर होईल.

"किती दूर हायस?"

"बालाघाटाहून नागपूर जितकं, तितकं."

"हात्तिच्या, मंग चार घंटे." तिचा आवाज एकदम हलका झाला. "तुयं जहाज त बसच्या वर पळते, तूनंच सांगतलं होतं."

मी म्हणालो की बाई, मागं नाव बांधली हाय. पण तोवर कोणीतरी तिला हळदीला हाक मारली होती. ती म्हणाली, ये सावकाश, आणि फोन ठेवला. कप्तान बाजूला उभा होता, त्याच्याकडे पुन्हा फोन मागायचं मला धाडस झालं नाही. आणि मागून तरी काय सांगणार होतो? तिच्या हिशेबात मी त्याच रात्री बंदरात उतरलो होतो. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा हिशेब होता तो आणि त्यात चूक काहीच नव्हती. बस नागपूरला निघाली की पोचतेच. मागे कोणाला बांधून निघत नाही.

पुढचा वेळ कसा गेला ते मला सलग आठवत नाही. पाळी संपायची, मी आडवा व्हायचो, झोप यायची नाही, पुन्हा पाळी. दोर एकदा तुटला. उसळत्या पाण्यात नाव पुन्हा धरून नवा दोर बांधण्यात अर्धा दिवस गेला. मी धरायची ती गाडी त्या वेळात निघून गेली. कोणीतरी विमानाचं सुचवलं. मी नुसतं हसलो, कारण त्या विमानालाही मी आधी किनाऱ्याला लागायला हवा होतो. बॅग बंकाखालून बाहेर येऊन इकडून तिकडे घसरत होती, तिला पायाने अडवून मी बसून राहिलो. थकवा असा होता की दुःखालाही अंगात जागा नव्हती.

लग्नाच्या दिवशी ऊन कलल्यावर किनारा दिसला आणि खिशातला फोन वाजू लागला. एकामागून एक निरोप. बायकोचे सगळे. गाडी आली, तुम्ही नाही. जीप रिकामी आली. बाई कोणाचं ऐकत नाही. फोन लावा. फोन लावा.

मांडवात काय चाललं होतं ते मला नंतर बायकोने सांगितलं. जीप रिकामी आल्यावर गुरुजींनी सरळ मार्ग काढला होता. घरचा माणूस हजर नसेल तर त्याच्या नावाची सुपारी ठेवतात. मामी पाटावर बसेल, शेजारच्या पाटावर मामाची सुपारी, शास्त्राला चालतं. बाई म्हणाली, मला चालत नाही. जित्या माणसाची सुपारी मी ठेवत नाही. तो निघाला आहे, चार तासांचं अंतर होतं, पुढच्या गाडीने येईल. गुरुजींनी समजावलं, गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी समजावलं. वऱ्हाडी मंडळी आधी गमतीने घेत होती, मामा पोहत येऊन राह्यला का, वगैरे. मग उपाशी पोटांनी गंमत ओसरली. नवऱ्या मुलाचा काका उठून गाड्या कुठे लावल्या आहेत ते विचारू लागला. त्या प्रश्नाचा अर्थ मांडवात सगळ्यांना कळला. माझी भाची हळदीच्या अंगाने आत बसली होती, तिलाही कळला. बाई मात्र मांडवाच्या तोंडाशी रस्त्याकडे बघत उभी होती.

धक्क्याला लागून वर येता आलं तेव्हा मी फोन लावला, तो तिनेच घेतला.

"कोठी हायस?"

"बंदरात. आत्ताच लागून राह्यलो."

"तथून गोंदिया किती दूर?"

मी सांगितलं की आज गाडी धरली तरी उद्या. मागून गुरुजींचा आवाज येत होता, मुहूर्त, मुहूर्त. मी जहाजाच्या कठड्याला धरून उभा होतो. खाली तांडेल आपली नाव धक्क्याला बांधत होता.

"बाई," मी म्हणालो, "माही सुपारी ठेव."

"जित्याची नाही ठेवत मी."

"मीच सांगून राह्यलो न. जिता हाओ म्हणून त सांगून राह्यलो. ठेव. पोरीचं लगन लाव."

मग ती म्हणाली, "हौ." एवढंच. मला न्हाऊ घालताना डोळ्यांत साबण गेला आणि मी रडलो तरी जिने कधी हात थांबवला नाही, ती माझी बहीण, तिचा तो हौ मला अजून ऐकू येतो. मी फोन ठेवला आणि यंत्रघरात गेलो. तिथे आवाजात कोणाचं रडणं कोणाला ऐकू येत नाही. यंत्रं थंड करायची होती, ती केली.

लग्न लागलं. नवऱ्याकडची माणसं तशी चांगली निघाली. सगळा खोळंबा का झाला ते कळल्यावर त्याच काकाने बाईची माफी मागितली म्हणतात. मी तिकडे पोचलो तेव्हा मांडवाची पानं वाळली होती आणि भाची सासरहून पहिल्यांदा माहेरी आली होती. मी लुगडं तिच्या हातात दिलं. लग्नाला पोचलो नाही त्याची माफी मागू लागलो. तिनेच मला सोडवलं. म्हणाली, "मामानं नवरीले आणाचं रायते. मायाच लगनात मी मामाले आणलं, मुठीत धरून. लय हलके होते तुमी त्या दिवशी." सगळे हसले. मीही हसलो. मग मागच्या अंगणात जाऊन उगाच हातपाय धुवत बसलो.

राहिली ती सुपारी. गुरुजी सांगून गेले होते की कार्य झाल्यावर ती वाहत्या पाण्यात सोडायची. मी येईपर्यंत बाईने ती जपून ठेवली होती. माझी सुट्टी संपत आली तेव्हा ती कटंगीहून बसने बालाघाटला आली आणि आम्ही तिघं, ती, बायको आणि मी, वैनगंगेवर गेलो. दुपारची वेळ, घाटावर कपडे वाळत पडलेले. पाणी फार नव्हतं. बाई लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात गेली. मूठ पुढे केली. आता सोडेल, मग सोडेल म्हणून आम्ही बघत राहिलो. तिची मूठ तशीच मिटलेली. बायकोने मला कोपराने ढोसलं.

मग ती वळली आणि तशीच वर आली. निऱ्यांतून पाणी टपकत होतं. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "इतके वर्स तुले पाण्यातच टाकलं होतं. आता अजून नाही टाकत."

कमरेच्या पिशवीत सुपारी ठेवली, नाडी ओढली आणि विचारलं, परतीची बस किती वाजता आहे.

तिने ती धानाच्या कोठीत, वरच ठेवली आहे. नवं धान भरताना काढते, पदराला पुसते आणि पुन्हा ठेवते. मी कायमचा घरी आलो त्या वर्षी तिला म्हटलं, बाई, आता तरी टाक ती, आता मी इथेच आहे. तिने विचारलं, सकाळी कुठे जातोस? म्हटलं, भरवेलीला, पंपांवर.

"म्हंजे पाण्यावरच न," ती म्हणाली आणि कोठीचं झाकण लावलं. "मंग राहू दे."